अबुधाबीच्या सागरी उद्यानात कुटुंबासह एक दिवस: काय पाहावे, काय टाळावे

नागपूरच्या एका गृहस्थांचा प्रश्न असा आहे. दिवाळीच्या सुट्टीत ते पत्नी, आई, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा यांना घेऊन थेट विमानाने शारजाहला जात आहेत आणि त्या मुक्कामातला एक दिवस अबुधाबीच्या यास बेटावरील ‘सीवर्ल्ड’ या सागरी प्राणी उद्यानासाठी ठेवावा की नाही, हे त्यांना ठरवायचे आहे. मुलाला डॉल्फिन पाहायचाच आहे. मुलीने मात्र डॉल्फिनला कोंडून ठेवणे क्रूर असते असे वाचले आहे आणि ती यायलाच तयार नाही. अशा उद्यानांत जादा पैसे भरून डॉल्फिनला हात लावता येतो, ते तिकीट घ्यावे का, आणि सत्तरीला आलेल्या आईंना एवढी पायपीट झेपेल का, हेही त्यांनी विचारले आहे. मी पशुवैद्यक आहे. प्राणिसंग्रहालयांतले वन्यप्राणी आणि मत्स्यालयांतले जलचर यांच्या प्रकृतीशी माझा अनेक वर्षे संबंध राहिला आहे. त्यामुळे पर्यटनाच्या दृष्टीने सांगता येईल ते मी कमी सांगेन आणि प्राण्यांकडे पाहायचे कसे, ते अधिक सांगेन.

माझे मत असे की अवश्य जावे, परंतु दिवसाचा मोठा भाग मोठ्या टाक्यांसमोर बसून काढावा. डॉल्फिनचा कार्यक्रम पाहिलाच तर एकच पाहावा आणि स्पर्शाचे तिकीट मुळीच घेऊ नये.

मुलीच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तो बालिश नाही. भारतात डॉल्फिनचे खेळ दाखवणारे एकही केंद्र नाही आणि हा योगायोग नव्हे. 1998 मध्ये चेन्नईजवळच्या एका उद्यानाने बल्गेरियाहून डॉल्फिन आणले होते. ते काही महिन्यांतच दगावले. पुढे काही राज्यांतून अशी केंद्रे काढण्याचे प्रस्ताव येऊ लागले, तेव्हा केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे 2013 मध्ये परिपत्रक काढून डॉल्फिन आणि त्यांच्या वर्गातील प्राणी मनोरंजनासाठी कोंडून ठेवण्यास परवानगी देऊ नये, असे राज्यांना कळवले. गंगेतला डॉल्फिन हा आपला राष्ट्रीय जलचर आहे, हेही मुलीला ठाऊक असेलच. अमेरिकेतही ‘सीवर्ल्ड’ची ओळख वर्षानुवर्षे ऑर्काच्या (डॉल्फिनच्याच कुळातल्या मोठ्या, काळ्या-पांढऱ्या प्राण्याच्या) खेळांमुळे होती, लोकमताच्या दबावानंतर कंपनीने मार्च 2016 मध्ये ऑर्कांची पैदास थांबवत असल्याचे जाहीर केले. 2023 मध्ये सुरू झालेल्या अबुधाबीच्या उद्यानात ऑर्का ठेवलेलेच नाहीत. म्हणजे आपल्या मुलीने जो प्रश्न घरात विचारला आहे, तोच सरकारांनी आणि कंपन्यांनीही गांभीर्याने घेतला आहे. ‘तिथे त्यांची छान काळजी घेतात’ एवढे बोलून तिला गप्प करू नये. काळजी घेतात हे खरे आहे, आणि दिवसाला अनेक किलोमीटर पोहणाऱ्या, आपल्या कळपातले सोबती स्वतः निवडणाऱ्या प्राण्याला कितीही मोठी टाकी अपुरीच पडते हेही खरे आहे. नऊ वर्षांच्या मुलीला या दोन्ही गोष्टी एका वेळी समजू शकतात.

तरीही मी जा म्हणतो, याचे कारण असे की अशा उद्यानात डॉल्फिन हा अगदी लहान भाग असतो. या उद्यानातली मुख्य टाकी सुमारे अडीच कोटी लिटर पाण्याची आहे. तुलनेसाठी सांगायचे तर दुबई मॉलमधली प्रसिद्ध टाकी एक कोटी लिटरची आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत राहणाऱ्या विदर्भातल्या मुलांनी मुशी (म्हणजे शार्क), पाखट (पंखांसारखे पर असलेला चपटा ‘रे’ मासा) आणि हजारो माशांचा थवा एकाच पाण्यात फिरताना पाहावा, ही संधी लहान नाही. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय आपल्या पिढीने सहलीत पाहिले असेल. तिथल्या काचपेट्यांमध्ये मासा दिसत असे, पण माशांचे एकमेकांशी वागणे दिसायला पाणी पुरत नसे.

आता पाहायचे कसे. पेंच किंवा ताडोब्यात मे महिन्यात पाणवठ्यावर गाडी थांबवून बसणाऱ्याला जे दिसते, ते गाडी पळवत वाघ शोधणाऱ्याला दिसत नाही, हे नागपूरकरांना सांगावे लागत नाही. मोठ्या टाकीचेही तसेच आहे. पहिल्या पाच मिनिटांत फक्त आकार आणि रंग दिसतात. त्यानंतर हळूहळू लक्षात येऊ लागते की काही मुशी अखंड पोहत असतात आणि काही तळाशी निवांत पडून असतात. अखंड पोहणाऱ्यांपैकी अनेक जाती तोंड किंचित उघडे ठेवून पुढे सरकत राहतात, म्हणजे पाणी आपोआप कल्ल्यांवरून वाहते. थांबल्या तर त्यांचा श्वास अपुरा पडतो. तळाशी पडलेली नर्स शार्क किंवा झेब्रा शार्क मात्र गालांच्या हालचालीने पाणी आत ओढून घेते. तिला पाहून ‘ही आजारी आहे का’ असे मुले हमखास विचारतात. तिच्या कल्ल्यांच्या फटी एका मिनिटात किती वेळा उघडतात, ते मुलीला मोजायला सांगा. आजाराच्या शंकेचे उत्तर तिला स्वतःलाच मिळेल. दातांची जुडी बाहेर आलेली, दिसायला सर्वांत भयंकर अशी सँड टायगर शार्क अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा गिळते आणि त्या हवेच्या आधाराने जवळजवळ न हलता पाण्यात तरंगत राहते. ती असेल तर हे पाहण्यासाठी अर्धा तास खर्च करावा, असे मी म्हणेन.

पाखट काचेला पोट टेकवून वर सरकते, तेव्हा तिचा ‘हसरा चेहरा’ पाहून सगळे फोटो काढतात. तो चेहरा नसतो. डोळ्यांसारखे दिसतात त्या नाकपुड्या. खरे डोळे पाठीकडच्या बाजूला असतात आणि त्यांच्यामागे श्वासासाठी पाणी आत घेणारी दोन छिद्रे असतात. वाम सतत तोंड उघडते आणि मिटते, ते धमकावण्यासाठी नसून श्वासासाठी असते. डॉल्फिनचे स्मितही असेच फसवे आहे, कारण ती त्याच्या जबड्याची जन्मजात ठेवण आहे. वेदनेने विव्हळ झालेला डॉल्फिनही आपल्याला हसताना दिसतो. एवढी एक गोष्ट मुलांनी लक्षात ठेवली तरी पुढे आयुष्यभर प्राण्यांच्या चेहऱ्यावर माणसांच्या भावना चिकटवताना ती थबकतील.

पेंग्विनच्या विभागाविषयी थोडे आधीच सांगून ठेवतो, कारण तिथे पालकांची हमखास फसगत होते. मुंबईत राणीच्या बागेतले पेंग्विन मुलांनी पाहिले असतील तर ते हम्बोल्ट जातीचे आहेत. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहणारे हे पक्षी बर्फातले नाहीत. अबुधाबीत थंड प्रदेशातल्या जाती आहेत आणि त्यांच्यासाठी दालन चांगलेच गार ठेवलेले असते. ध्रुवाकडच्या जाती सांभाळताना चांगली उद्याने दिव्यांचा प्रकाश दक्षिण गोलार्धातल्या ऋतूंप्रमाणे वाढवत-घटवत नेतात. त्यामुळे आपली दिवाळी असते तेव्हा त्यांच्याकडे वसंत आणि विणीचा काळ असतो. जेंटू जातीचे पेंग्विन या काळात खडे गोळा करून घरटे रचतात आणि शेजाऱ्याचे खडे चोरतात, हे पाहायला मिळाले तर चार वर्षांचा मुलगा डॉल्फिन विसरेल. हेच पक्षी वर्षातून एकदा सगळी पिसे एकदम टाकतात. त्या दोन-चार आठवड्यांत त्यांच्या अंगाचे पाणी रोखणारे आवरण उरत नाही, म्हणून ते पाण्यात उतरत नाहीत, जवळजवळ खात नाहीत आणि झिपऱ्या उशीसारखे कोपऱ्यात उभे राहतात. पाहणाऱ्यांना वाटते की उपाशी ठेवले आहे. तक्रारी सर्वाधिक याच पक्ष्यांबद्दल येतात आणि बहुतेक वेळा पक्षी अगदी ठीक असतो.

मग एखादा प्राणी खरोखर अस्वस्थ आहे हे कसे ओळखावे? नितळ पाणी हा पुरावा नाही. वाळूच्या गाळण्या, ओझोन आणि घाण फेसात बांधून काढणारी यंत्रे यांनी पाणी नितळ होते, तसे ते क्लोरीनच्या जास्त माऱ्यानेही होते. आणि त्या माऱ्याचा त्रास सील व सी लायन यांच्या डोळ्यांत आधी दिसतो. डोळे सतत मिटलेले, पाणावलेले किंवा दुधाळ असतील, आणि उघड्यावर सावलीच नसेल, तर ते चांगले लक्षण नाही. (सी लायन आणि सील यांतला फरक मुले चटकन ओळखू शकतात: सी लायनला कानाची छोटी पाकळी असते आणि मागचे वल्ह्यांसारखे पाय पुढे वळवून तो जमिनीवर चालतो, सीलला पोटावर सरपटावे लागते.) त्याच वळणावर, त्याच दिशेने, त्याच ठरावीक जागी डोके हलवत फिरणारा प्राणी दिसला, तर त्याच्याकडे दहा मिनिटे पाहा. मधेच काही वेगळे घडले, आवाज आला, सोबती जवळ आला आणि त्याने फेरी मोडली, तर फार चिंता नाही. काहीही झाले तरी फेरी तुटत नसेल, तर तो प्राणी कंटाळ्याच्या किंवा ताणाच्या पुढच्या पायरीवर आहे. डॉल्फिनच्या अंगावर समांतर रेघोट्या दिसतात, त्या दुसऱ्या डॉल्फिनच्या दातांच्या असतात. जुन्या, फिकट रेघा असणे स्वाभाविक आहे, कारण समुद्रातही ते असेच भांडतात. ताज्या रेघांची जाळी एकाच प्राण्याच्या अंगावर असेल, तर त्याला इतरांपासून दूर जायला जागा मिळत नाही असा मी त्याचा अर्थ लावतो. पृष्ठभागावर स्थिर तरंगणारा डॉल्फिन मात्र बहुधा झोपलेला असतो. त्याच्या मेंदूचा एक अर्धा भाग झोपतो आणि दुसरा श्वासाची राखण करतो.

डॉल्फिनच्या कार्यक्रमाचे दोन भाग असतात आणि ते वेगळे करून पाहावेत. प्रशिक्षकाच्या शिट्टीवर डॉल्फिन शेपटी वर करून स्थिर राहतो, तोंड उघडून दाखवतो, पोट वर करून पाण्यात पडून राहतो. हे प्रेक्षकांना कमी रंजक वाटते. पण शेपटीच्या शिरेतून रक्त घेणे, दात तपासणे, गर्भाची सोनोग्राफी करणे, हे सगळे याच शिकवणीवर चालते. प्राण्याला जाळ्यात धरून, भुलीचा धोका पत्करून तपासण्यापेक्षा त्याने माशाच्या मोबदल्यात स्वतः अंग पुढे करणे हे माझ्यासारख्याला फार मोलाचे वाटते, आणि अशी शिकवण डॉल्फिनच्या रिकाम्या दिवसात थोडे काम आणि थोडी उत्सुकताही आणते. दुसरा भाग म्हणजे मोठ्या आवाजातल्या संगीतावरच्या उड्या, चेंडू आणि टाळ्या. डॉल्फिनला सुमारे दीड लाख हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आपल्याला वीस हजारांपर्यंतचे. ज्याचे सारे जगच आवाजावर चालते, त्याच्या शेजारी ध्वनिक्षेपक लावण्याचे समर्थन मला करता येत नाही. मुलीची तयारी नसेल तर तिने आणि आजींनी तेवढा वेळ दुसऱ्या दालनात बसावे आणि मुलाला आपण घेऊन जावे. घरातल्या सर्वांनी सर्व पाहिलेच पाहिजे असे काही नाही.

स्पर्शाच्या तिकिटाला नकार देण्याची कारणे साधी आहेत. टाकीत फिरणारा प्राणी नको असेल तेव्हा निदान दूर जाऊ शकतो, हात लावण्याच्या सत्रात मात्र त्याच्या खुराकाचा काही भाग त्या सत्राशी जोडलेला असतो, त्यामुळे त्याची ‘इच्छा’ किती खरी हे सांगणे कठीण होते. श्वसनाचे आणि त्वचेचे काही संसर्ग माणसांकडून प्राण्यांकडे आणि उलटही जाऊ शकतात. शिवाय डॉल्फिन हा दोनशे किलोंच्या आसपासचा, जबड्यात ऐंशीहून अधिक दात असलेला शिकारी प्राणी आहे. तो क्वचितच चावतो, पण चार वर्षांच्या मुलाच्या हाताशी ‘क्वचित’ हा शब्द मला पुरेसा वाटत नाही. तारामासे किंवा लहान पाखटी असलेल्या उथळ कुंडात हात घालू देत असतील, तर त्याला माझी हरकत नाही. आधी हाताचे सनस्क्रीन धुवावे, दोन बोटांनी हलके टेकावे, प्राण्याला पाण्याबाहेर उचलू नये आणि नंतर साबणाने हात धुवावेत. हाताला ताजी जखम असेल तर मात्र हात घालू नये.

काचेवर टकटक करू नये असे सगळीकडे लिहिलेले असते, पण कारण लिहिलेले नसते. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो, आणि मासे तो कानांनी तर ऐकतातच, शिवाय पाण्याची जवळची थरथर त्यांना अंगावरच्या संवेदक रेषेने जाणवते. आपली टकटक त्यांच्या अंगावरच पडते. मोठ्या टाक्यांच्या भिंती साध्या काचेच्या नसून जाड ॲक्रिलिकच्या असतात आणि ॲक्रिलिकवर चटकन ओरखडे पडतात, म्हणून आजींच्या पाटल्या आणि आपले घड्याळ भिंतीला टेकणार नाही एवढे पाहावे. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवून मोबाइल भिंतीच्या अगदी जवळ धरला, तर प्रतिबिंब येत नाही. मासे आहेत त्यापेक्षा मोठे आणि जवळ दिसतात, कारण पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो. मुलगा ‘केवढा मोठा!’ म्हणाला तर त्यातला काही भाग पाण्याचा आहे.

आईंच्या चालण्याबद्दल: संपूर्ण उद्यान छताखाली आणि वातानुकूलित आहे, त्यामुळे उन्हाचा प्रश्न नाही, थंडीचा आहे. शाल, मोजे आणि न घसरणारी चप्पल-बूट असावेत, आणि पेंग्विनचे दालन शेवटी न ठेवता मधे ठेवावे, म्हणजे नंतर अंगात ऊब यायला वेळ मिळतो. चाकाची खुर्ची प्रवेशद्वाराशीच विचारून घ्यावी, दमल्यावर नव्हे. अमिरातीत 2022 पासून शनिवार-रविवार ही आठवड्याची सुट्टी आहे (शारजाहमध्ये शुक्रवारीही), म्हणून मंगळवार किंवा बुधवार निवडावा. दिवाळीची गर्दी तिथे आपल्याच लोकांची असते. शारजाहहून यास बेटापर्यंत मोटारीने दीड-दोन तास धरावेत. त्याच दिवशी दुबई मॉलही उरकण्याचा बेत करू नये, कारण एका मोठ्या टाकीनंतर दुसऱ्या टाकीचे मुलांना काहीच वाटत नाही. दार उघडताच आत जाऊन आधी मुख्य टाकी गाठावी. सकाळी तिच्यासमोर बसायला जागा असते. प्राण्यांना खाऊ घालण्याच्या वेळा आत गेल्यावर लगेच पाहून घ्याव्यात, कारण खेळाच्या वेळांपेक्षा त्या अधिक उपयोगाच्या असतात. दुपारी मुलगा पेंगुळला की त्याला बाबागाडीत झोपू द्यावे आणि बाकीच्यांनी जेलीफिशच्या अंधाऱ्या दालनात बसावे. जेलीफिशच्या टाक्या गोलाकार असतात, कारण कोपऱ्यात अडकली तर ती फाटते. पाणी मंद फिरवत ठेवून तिला भिंतीपासून दूर ठेवले जाते.

जाण्याआधी नागपुरातच एक तयारी करता येते. एखाद्या रविवारी मुलांना मासळी बाजारात न्यावे आणि विक्रेत्याला ताज्या रोहूचा कल्ला उचलून दाखवायला सांगावे. लालभडक, कंगव्यासारखी ती रचना एकदा जवळून पाहिली की टाकीतल्या माशाच्या श्वासाचे गणित मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. घरी शाकाहार असेल आणि बाजाराचा वास सोसवत नसेल, तर रंगीत माशांच्या दुकानातही हे जमते, फक्त तिथे कल्ला बाहेरूनच पाहावा लागेल.

परतताना भेटवस्तूंच्या दुकानात किंवा शहरातल्या बाजारात प्रवाळाचे तुकडे किंवा वाळवलेले समुद्रघोडे विकायला दिसले, तर घेऊ नयेत. भारतात प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आहेत, आणि नागपूरच्या विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांसमोर ‘आम्ही विकतच घेतले होते’ हे उत्तर चालत नाही.

मुलगी त्यानंतरही आपल्या मतावर ठाम राहिली, तर पुढच्या सुट्टीत तिला तारकर्ली किंवा दापोलीच्या किनाऱ्यावर न्यावे. तिथे उथळ पाण्यात पाठीवर मदार असलेले करडे डॉल्फिन लहान कळपांनी येतात. पावसाळ्यात होड्या बंद असतात. दिवाळीनंतर मे महिन्यापर्यंत, पहाटे, समुद्र शांत असताना जावे. होडीवाल्याशी बोलणी करतानाच सांगावे की डॉल्फिन दिसल्यावर त्यांच्यामागे होडी पळवायची नाही, त्यांच्या वाटेत आडवी घालायची नाही, आणि लांब अंतरावर इंजिन मंद करून समांतर राहायचे. डॉल्फिन न दिसल्यास पैसे परत, असे सांगणाऱ्याची होडी घेऊ नये; त्याला ते दाखवावेच लागतात, आणि पाठलाग तिथूनच सुरू होतो.